ट्राय म्हणजे प्रयत्न नव्हे

१० नोव्हेंबर

गुडघा : दहापैकी पाच. सूज : थोडी.

फिजिओने रोज लिहायला सांगितलंय. किती दुखला, किती वाकला, सुजला का, एवढंच. "मनातलं नको, गुडघ्यातलं लिहा," असं बजावलंय. पण नुसत्या गुडघ्यावर माणूस किती लिहिणार? पहिल्याच दिवशी एका ओळीत विषय संपला आणि वही आहे दोनशे पानी.

तेव्हा रीतसर सुरुवात करते. नाव संजीवनी. वय एकतीस. माहेर इंदापूर तालुक्यात, सासर बारामतीत. धंदा रग्बी. बरीच वर्षं राज्याकडून आणि देशाकडून खेळले, गेले दोन हंगाम लीगमध्ये, म्हणजे चक्क पगार घेऊन. मे महिन्यात भर सामन्यात उजव्या गुडघ्याचं लिगामेंट तुटलं. ऑपरेशन झालं. फेब्रुवारीच्या अखेरीस मुंबईत आमच्या टीमची चाचणी आहे. पास झाले तर आणखी एक हंगाम. नापास झाले तर मी माजी खेळाडू. 'माजी' हा शब्द आमदारांच्या नावामागे शोभतो, माझ्या नाही.

इकडे रग्बी कुणाला माहीत नाही. अविराज, म्हणजे माझा नवरा, एमआयडीसीत डेअरीत कामाला आहे. आमचं लग्न ठरलं तेव्हा सासूबाईंनी गल्लीभर सांगितलं होतं की सून रबडीत हाय. लोकांना वाटलं नवरा-बायको एकाच कंपनीत. वर्षभर शेजारणी मला विचारायच्या, सणाला दोन किलो कमी भावात मिळंल का. सासूबाईंना मी आत्या म्हणते. त्यांना ही गोष्ट सांगितलेली आवडत नाही, म्हणून इथे लिहून ठेवली.

१५ नोव्हेंबर

गुडघा : साडेचार.

माहेरच्या गावातून कुंडलिकतात्यांचा फोन आला. मी शिकले त्या शाळेच्या संस्थेचे ते सचिव. तरुणपणी कबड्डीत गाजलेले. अजूनही दारातून आत येताना एक पाय आधी टाकून अंदाज घेतात.

"संजे, काय करतीस?"

"व्यायाम, तात्या. गुडघ्याचा."

"दिवसभर?"

"सकाळ-संध्याकाळ."

"मग दुपारची काय गुडघ्याकडं बघत बसतीस व्हय? हितं शाळंत ये. कबड्डीच्या पोरी हायेत पंधरा-ईस. त्यास्नी तुझी ती रबडी शिकीव."

"रग्बी, तात्या."

"तीच ती."

मी स्पष्ट सांगितलं, फेब्रुवारीपर्यंतच येईन आणि कोच म्हणून येणार नाही. कोच म्हणजे ज्याचं खेळणं संपलं तो. माझं संपलेलं नाही. मी फक्त वेळ घालवायला येणार. तात्या म्हणाले, "बरं बाई, येळ घालवायला ये." त्यांच्या आवाजात हसू होतं, ते मला आवडलं नाही.

१८ नोव्हेंबर

गुडघा : चार.

स्कूटीवरून गेले. रस्ताभर उसाच्या ट्रॅक्टरमागे धूळ खात. दोन दोन ट्रॉल्या जोडून असे डुलत चाललेले असतात, जसं काही कारखाना त्यांची वाटच बघत नाही.

पोरी सतरा. मी पहिला नियम सांगितला : बॉल हातात घेऊन पुढे पळायचं, पण बॉल टाकायचा तो मागच्याच दिशेला. नववीतली एक बारकी, स्वरूपा, हात वर करून म्हणाली, "ताई, पुढं जायचंय तर मागं कशाला टाकायचा?" इतकी वर्षं खेळले, पण हा प्रश्न मला कधी पडला नाही. मी म्हटलं, नियमच आहे तसा. पुढचं ऐकून घेण्याआधीच राजनंदिनीने बॉल उचलला. राजनंदिनी दहावीत, उंच, तालुक्यात नाव असलेली चढाईपटू. ती जी सुटली ती सगळ्यांना चकवत शेवटच्या रेषेपर्यंत गेली, रेषेला पाय लावला, गर्रकन वळली, पुन्हा सगळ्यांना चकवत माघारी आली आणि मधल्या रेषेवर अंग टाकून दिलं. तोंडाने अजून कबड्डी-कबड्डी चालू. बाकीच्या पोरी टाळ्या वाजवायला लागल्या.

"अगं, बॉल तिकडेच टेकवायचा होता!"

"मग माघारी कोण येणार, ताई?"

"माघारी यायचंच नसतं."

तिने माझ्याकडे फार दयेने पाहिलं. "मग आऊट न्हाय का?"

मी हसायला लागले ते खाली बसूनच घेतलं. ऑपरेशननंतर एवढी हसले नव्हते. गुडघा चार लिहिलाय, पण खरं म्हणजे बघायचाच राहिला. अंदाजाने लिहिला.

२२ नोव्हेंबर

गुडघा : चार असावा.

मैदान फरशीसारखं टणक आहे. टॅकल, म्हणजे बॉल घेऊन पळणारीला धरून पाडणं, शिकवायचा म्हणजे पोरींनी आपटायचं, आणि त्या जमिनीवर आपटल्या तर शाळेऐवजी दवाखान्यात जातील. तात्यांना म्हटलं, नांगरून घ्या. ते म्हणाले, "आन् सव्वीस जानेवारीचं झेंडावंदन काय ढेकळात करायचं?"

मग मला नामी कल्पना सुचली. शेजारच्या रानात उसाची तोड होऊन गेलेली, पाचटाचा, म्हणजे वाळल्या पाल्याचा, ढीग नुसता पडून. पोरींनी हौसेने वाहून आणला, गुडघाभर गादी केली आणि संध्याकाळपर्यंत त्यात उड्या मारल्या. मी स्वतःवर इतकी खूश होते की येताना स्कूटीवर गाणं म्हणत आले.

२३ नोव्हेंबर

सकाळी शाळेत आया आल्या. पुढे स्वरूपाची आई कौसल्याबाई. तिने लेकीचा हात माझ्यापुढे धरला. कोपरापासून मनगटापर्यंत ओरखडे, खाजवून लाल झालेले.

"मॅडम, आमी उसात जाताना पुऱ्या बाह्यांचा शर्ट घालतो, डोक्याला बांधतो. आन् तुमी पोरीस्नी अर्ध्या चड्डीवर पाचटात लोळीवताय?"

उसाच्या पानाला धार असते हे मला माहीत नव्हतं असं थोडंच आहे. जन्म गेला त्यात. पण रग्बी म्हटली की माझ्या डोक्यात हिरवं गवतच येतं, हातात पाचट असलं तरी. मी सगळ्यांची माफी मागितली. अविराजला सांगितलं तर तो आधी पोट धरून हसला, मग दुपारची पाळी संपवून येताना पेंडीची रिकामी पोती घेऊन आला. त्यात भुसा भरला. उद्यापासून पोत्यांवर.

"गुडघा कसा हाय?" त्याने झोपताना विचारलं. मी म्हटलं, कोणता?

५ डिसेंबर

टॅकलला डोकं कुठे ठेवायचं, हे आठ दिवस शिकवतेय. समोरून बॉल घेऊन येणारीच्या पुढ्यात डोकं गेलं तर तिचा गुडघा कपाळात बसतो. डोकं तिच्या मागच्या बाजूला हवं, गाल तिच्या कमरेला चिकटलेला, हातांचा विळखा मांड्यांना. मी करून दाखवते, फळ्यावर काढून दाखवते, ओरडते. पोरी पोत्यावर बरोबर करतात आणि माणसावर चुकतात.

आज स्वरूपा थबकली आणि म्हणाली, "ताई, म्हंजी धार काढताना आपुन गाईच्या कुशीला डोस्कं टेकवतो, तसं?"

तसंच! अगदी तसंच! घरी सगळ्या धारा काढतात. पुढच्या पाच मिनिटांत सतरापैकी सतराजणींनी डोकं बरोबर ठेवलं. स्वरूपाने, जी वजनाने पोत्याएवढीही नाही, राजनंदिनीला आडवी केली. राजनंदिनी पडल्या पडल्याच म्हणाली, "पुन्यांदा कर." आता मैदानावर टॅकल हा शब्दच बंद झालाय. सगळ्या "धार काढ, धार काढ" ओरडतात.

मी घरी येऊन आत्यांना कमरेला धरून दाखवलं. त्या म्हणाल्या, "सोड बया, म्हशीला बी इतकं कुनी दाबत न्हाय." पण नंतर मोबाइल घेऊन माझ्याजवळ बसल्या आणि माझा एक जुना सामना शेवटपर्यंत पाहिला. "पडत्यात, उठत्यात, अंग झाडत बी न्हाईत," म्हणाल्या. त्यांच्या बोलण्यात कौतुक असलं की आवाज खाली येतो. तो आला होता.

२० डिसेंबर

फिजिओकडे. त्यांनी वही मागितली. मी म्हटलं, घरी राहिली. ती पिशवीतच होती, पण गेल्या महिन्याभरात गुडघ्याचा एक आकडा नाही आणि राजनंदिनीच्या डाव्या हाताच्या पासवर दोन पानं आहेत. काय दाखवणार?

त्यांनी गुडघा वाकवला, दाबला, मला एका पायावर उड्या मारायला लावल्या. "फार छान. काय करता दिवसभर?"

"काही नाही. वेळ घालवते."

"तोच घालवत राहा," म्हणाले.

म्हणजे मी खेळू शकेन! रस्त्यातच अविराजला फोन केला. तो खूश झाला आणि मग म्हणाला, "मग पोरींचं काय?" मी म्हटलं, फेब्रुवारीपर्यंतच ठरलंय. मध्येच हा विषय काढायची काही गरज नव्हती.

१८ जानेवारी, पुणे

जिल्ह्याची स्पर्धा. पाच संघ. बाकीचे चार संघ बूट घालून आले होते, आमच्या निम्म्या पोरी उसनवारीच्या बुटांत. पहिला सामना हरलो, दुसरा सपाटून हरलो. जेवणाच्या सुट्टीत राजनंदिनी डबा उघडेना. मीच तिचा डबा उघडून ठेचा-भाकरी खायला लागले. मग तिला खावंच लागलं.

तिसरा सामना तिसऱ्या नंबरासाठी. मी रेषेबाहेरून ओरडत होते, "धार काढ तिची! स्वरूपा, धार काढ!" पंचाने खेळ थांबवून मला जवळ बोलावलं. पुण्याचा शिकलेला मुलगा. म्हणाला, "मॅडम, मुलींना असं हिंसक बोलू नका." त्याला वाटलं मी चाकूला धार लावायला सांगतेय. मी समजावून सांगितलं, त्याला काही झेपलं नाही. शेवटी मी नुसती "दूध! दूध!" म्हणून ओरडत राहिले.

आणि जिंकलो! चार ट्राय आपले, एक त्यांचा. वीस-पाच! राजनंदिनीचे तीन. प्रत्येक वेळी तिने रेषेपलीकडे बॉल टेकवला, आणि तिसऱ्या वेळी तर त्याच्यावर बसूनच राहिली. सामना संपल्यावर सगळ्या माझ्या अंगावर येऊन पडल्या. गुडघ्याला काय झालं असतं, हे मला आत्ता लिहिताना सुचतंय.

तात्यांचा भाचा ऋषिराज पेपरला बातम्या पाठवतो. त्याला तिथूनच फोन केला. मागे एवढा दंगा होता, मी ओरडून सांगितलं, "लिही, आपल्या पोरींचे चार ट्राय, समोरच्यांचा एकच!" तो म्हणाला, "कळलं ताई, कळलं."

१९ जानेवारी

त्याला काय कळलं ते आज दुपारी कळलं.

आम्ही गावात उतरलो तर शाळेसमोर माणसं उभी. हलगी नाही, गुलाल नाही. सगळ्यांचे चेहरे कुणाला तरी पोहोचवून आल्यासारखे. कौसल्याबाईने लेकीला जवळ घेतलं आणि म्हणाली, "जाऊ दे, वाईट वाटून घिऊ नगं." शिपायाने पोरींच्या हातात चहाचे कप दिले, तेही डोळे वर न करता. मला काही उमजेना. तेवढ्यात कुणीतरी पेपर दिला. मथळा असा : 'चार वेळा प्रयत्न करूनही इंदापूरच्या मुलींच्या पदरी निराशा.' खाली, 'प्रतिस्पर्धी संघाने मात्र एकाच प्रयत्नात बाजी मारली.'

ट्राय! ऋषिराजने त्याचं मराठी केलं होतं.

मी तोंड उघडणार तोच तात्या बोलायला उभे राहिले.

"पोरींनो, हारन्यात लाज न्हाय. मी सुदीक जिल्ह्याची फायनल हारल्याली हाय. चार डाव ट्राय केला न्हवं तुमी? पाचव्यांदा हुईल." इथे त्यांचा आवाज भरून आला. "आन् तुमी का हारला ते मला ठावं हाय. तुमाला पडायला धड जागा न्हाय. त्यो माझा दोष. उद्याच्याला मैदानात रोटाव्हेटर घालतो. वर टँकरनं पानी मारतो. झेंडावंदन ढेकळात झालं तर झालं!"

टाळ्या पडल्या. मी मध्ये एक शब्द बोलले नाही. प्रतिस्पर्धी स्वतःहून बॉल हातात देत असेल तर थांबून घ्यावा. राजनंदिनी दप्तराला दोन्ही हातांनी धरून, ओठ चावत उभी होती. टाळ्या पूर्ण संपल्यावर मी तिला खूण केली. तिने दप्तरातून कप काढला.

तात्यांनी कप उलटा-सुलटा पाहिला.

"ह्यो कप हारल्याबद्दल देत्यात व्हय?"

मग मी सांगितलं. बॉल रेषेपलीकडे टेकवला की त्यालाच ट्राय म्हणतात. पाच गुण. पोरींनी चार केले.

"मग त्याला ट्राय का म्हनत्यात? झाल्याल्या कामाला ट्राय कोन म्हनतं?"

"फार पूर्वी बॉल टेकवल्याचे गुणच नव्हते, तात्या. टेकवला की नुसती गोलला लाथ मारून बघायची परवानगी मिळायची. म्हणून ट्राय. पुढे गुण आले, नाव तेच राहिलं."

तात्या विचारात पडले. "म्हंजी हुतं तेवढं सगळं करूनबी नुसतं बघायची परवानगी. लई अवघड खेळ हाय की." आणि एकदम काहीतरी आठवून, "रोटाव्हेटरचं मी हारल्या म्हनून बोललो हुतो."

"शब्द शब्द असतो, तात्या," कौसल्याबाई म्हणाली.

मग कुठून हलगी आली, कुठून गुलाल आला, देव जाणे. ऋषिराजला पोरींनी मैदानाला चार फेऱ्या मारायला लावल्या. प्रत्येक फेरीला म्हणायचं, 'ट्राय म्हंजी प्रयत्न न्हवं.'

२६ जानेवारी

झेंडावंदन ढेकळात झालं. पाहुण्यांची चप्पल रुतली. तात्या म्हणाले, "जमीन चांगली कमावलीया."

२४ फेब्रुवारी

परवा चाचणी. उद्या निघायचं. रोज पहाटे पळतेय, पायात पूर्वीची गती आलीय. भीती वाटते, पण ती चांगली भीती. मला खेळायचंय. हे लपवून काय उपयोग? भरलेल्या मैदानात माझी सात नंबरची जर्सी घालून उतरायचं, कानात वारं, पुढे मोकळी जागा. ते सुख दुसरं कुठेच मिळालेलं नाही.

पोरींना सांगितलं की पास झाले तर माझं येणं बंद होईल. त्यांनी "हो ताई" म्हटलं. आरडाओरडा नाही, रडणं नाही. स्वरूपा पोत्यातून निघालेला भुसा परत आत भरत राहिली. मला वाटलं होतं थोडं तरी वाईट वाटेल त्यांना. पोरी अशाच असतात.

सराव कोण घेणार हा प्रश्न होता. आत्या म्हणाल्या, "अव्याला सुट्टी हाय, मला गाडीवर सोडंल. मी बसते तितं. निदान भांडनं तर व्हायची न्हाईत." मी गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातात दिली.

२६ फेब्रुवारी, मुंबई

पास झाले.

जे झालं ते क्रमाने लिहिते, नाहीतर मलाच खरं वाटणार नाही.

सकाळी पळण्याच्या चाचण्या. माझ्यापेक्षा दहा-दहा वर्षांनी लहान पोरी होत्या, तरी मी पहिल्या पाचांत. मग सरावाचा सामना. मला बॉल मिळाला. समोर एकच पोरगी, जळगावकडची, संस्कृती नाव, एकोणीस वर्षांची. तिला चुकवलं की रेषा पाच पावलांवर. ती टॅकलला वाकली आणि मी पाहिलं, तिचं डोकं माझ्या पुढ्यात. तशीच पळत राहिले असते तर माझी मांडी तिच्या कपाळात बसली असती.

मी थांबले. भर वेगात होते, तरी थांबले. बॉल खाली ठेवला, उकिडवी बसले, तिची हनुवटी धरून मान फिरवली आणि म्हटलं, "गाल इथे. डोकं मागे. आता ये." तिने केलं. मी म्हटलं, "अजून खाली. परत." तिने परत केलं, आणि असं झकास केलं की मी पाठीवर आपटले आणि तिला म्हटलं, "शाब्बास गं पोरी!"

तेव्हा शिट्टी वाजली. आमच्या मुख्य प्रशिक्षक, अनिता मॅडम, रेषेवर उभ्या होत्या.

"संजीवनी, बॉल कुठे आहे?"

मी मागे पाहिलं. बॉल नव्हता. तो समोरच्या टीमने केव्हाच उचलून, पलीकडच्या टोकाला नेऊन, ट्रायही करून टाकला होता. अख्खं मैदान हसत होतं. मी लाजेने लाल झाले. इतक्या वर्षांत असला गाढवपणा मी कधी केला नव्हता.

दुपारी अनिता मॅडमनी बोलावलं. म्हणाल्या, "पाय उत्तम आहे. जागा एकच आहे आणि ती तुझी. सात नंबरही तुझाच. दोन दिवसांत कळव." मी विचारलं, मी नाही म्हटलं तर कुणाला? त्या म्हणाल्या, "त्या जळगावच्या मुलीला. पण तिला टॅकल येत नव्हता." थोड्या थांबून म्हणाल्या, "सकाळपर्यंत."

मी लगेच हो म्हणायला हवं होतं. याचसाठी नऊ महिने घाम गाळला. मी म्हटलं, दोन दिवसांत कळवते. आनंदाने होतं असं कधी कधी.

२७ फेब्रुवारी

पुण्याहून एसटी मिळाली, तडक मैदानावर गेले. पास झाल्याचं सगळ्यांना सांगायचं होतं.

लांबूनच शिट्टी ऐकू आली. मैदानाच्या मधोमध प्लास्टिकची खुर्ची, खुर्चीत आत्या, नऊवारीचा पदर खोचलेला. कुणी बॉल पुढे टाकला की शिट्टी. कुणी उशिरा उठली की शिट्टी. शिट्टी तोंडातून काढून, "ए राजनंदिनी, तुला दिसत न्हाय का, तुझ्या मागं पोरगी मोकळी हुबी हाय!" आणि पुन्हा शिट्टी. पोरी खुशाल पळत होत्या, हसत होत्या. शेवटाला स्वरूपाने राजनंदिनीला डाव्या बाजूने टॅकल केलं. डाव्या बाजूने! ती बाजू तिला महिनाभर जमत नव्हती. आत्यांनी उठून टाळ्या वाजवल्या आणि स्वरूपा माझ्याकडे नाही, त्यांच्याकडे बघून हसली.

ते हसू मला सहन झालं नाही. मत्सरच तो, दुसरं नाव नाही. स्वतःच्या सासूचा, आणि तोही एका शिट्टीवरून. तरातरा चालत गेले आणि म्हटलं, "आत्या, द्या इकडं ती शिट्टी."

"आगं, आत्ता तर आलीस. पानी पी."

"द्या आधी."

त्यांनी दिली. मग म्हणाल्या, "तू तर जानार हुतीस न्हवं?"

काल मॅडमनी सात नंबर संस्कृतीला जाईल म्हटलं तेव्हा मला जरा दुखलं होतं, नाही असं नाही. पण बघवलं असतं. ही शिट्टी दुसऱ्याच्या तोंडात बघवेना. तिथेच, ढेकळात उभं राहून, मी अनिता मॅडमना फोन लावला.

"जागा संस्कृतीला द्या," मी म्हटलं. "मी आता खेळणार नाही. मी कोच आहे."

पलीकडून त्या म्हणाल्या, "ते मला काल सकाळीच कळलं होतं. उन्हाळ्यात आमच्या लहान मुलींचं शिबिर आहे, तेही तूच घ्यायचंस."

फोन ठेवला आणि मला रडू आलं. पोरी भोवती गोळा झाल्या. त्यांना वाटलं मी नापास झाले. राजनंदिनी माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "हुतं असं, ताई. पुढच्या येळंला." अविराज गाडीला टेकून उभा होता. त्याला काही सांगावं लागलं नाही. "घरी चल," म्हणाला. मी म्हटलं, सराव अर्धा राहिलाय.

१२ एप्रिल

लीग सुरू झाली. शाळेच्या हॉलमध्ये पडदा लावला. पोरी, आया, तात्या, पहिल्या रांगेत आत्या. ऋषिराजही आला होता. बातमी पाठवण्याआधी मला वाचून दाखवायची, अशी शपथ घेऊन.

दुसऱ्या सत्रात संस्कृती उतरली. पाठीवर सात. आणि तिला श्वास घ्यायलाही न देता समोरच्या टीमची एक दांडगी बाई सुसाट तिच्यावर आली. संस्कृती वाकली, डोकं मागे, गाल कमरेला, आणि ती बाई आडवी! मी जी किंचाळले, तात्यांनी कानांवर हात ठेवले. स्वतःच्या एकाही ट्रायला मी अशी किंचाळले नव्हते.

"ही कुठली गं?" कौसल्याबाईने विचारलं. "आपल्यातली हाय का?"

"आपल्यातलीच," मी म्हटलं.

सामना संपल्यावर सगळे चहाला गेले. स्वरूपा मागे रेंगाळली.

"ताई, त्यो नंबर तुमचा हुता न्हवं?"

"हो."

"वाईट वाटतंय?"

खोटं बोलता आलं असतं. "वाटतंय," मी म्हटलं.

तिने जरा विचार केला. मग एखादी वस्तू शेजारून मागून आणायची असावी तशा सुरात म्हणाली, "थांबा चार-पाच वर्सं. मी आनते माघारी."

मी तिचा गाल धरून जोरात ओढला. बाहेर अजून चांगलाच उजेड होता. सगळ्यांना चहा तसाच सोडून सरावाला मैदानावर यायला सांगितलं.